उंबरमाळची जाळरेषा

१

उंबरमाळच्या बीटावर उज्वला कुटे वनरक्षक म्हणून रुजू झाली, त्याला त्या मार्चात दोन वर्षं पुरी होत आली होती. मुलगी सायखेड्याची, गोदाकाठच्या काळ्या सपाट रानात वाढलेली. वणीहून सुरगाण्याकडे जाताना जे डोंगर लागतात, त्यांची चढण पहिले दोन महिने तिच्या पोटऱ्यांना झेपली नव्हती. आता ती पाड्यातल्या बायकांच्या बरोबरीने चढायची, आणि चढता चढता गप्पाही मारायची.

तिच्या ताब्यात तीनशे चाळीस हेक्टर सरकारी जंगल होतं. कागदावर सरकारी, पण राखलं होतं पाड्याने. बारा वर्षांपूर्वी इथे नुसता बोडका डोंगर होता. मग पाड्याने समिती केली, चराई बंद केली, कुऱ्हाडीला आळा घातला, आणि साग, ऐन, मोह पुन्हा उभे राहिले. गवत कधी कापायचं, सरपण कुठून आणायचं, मोहाची फुलं कोणी कुठल्या झाडाखाली वेचायची, हे सगळं समिती ठरवायची आणि वनखातं ते मानायचं. समितीच्या अध्यक्ष लंकाबाई. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलायला कमी. त्यांनी हो म्हटलं की काम झालंच समजायचं.

मार्च महिना वणव्याचा. त्यामुळे रोज सकाळी सात वाजता उज्वला वनचौकीला कुलूप घालायची, पाण्याची बाटली आणि खराटा घ्यायची आणि जाळरेषेच्या कामाला लागायची. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून केलेला मोकळा पट्टा. खालच्या दरीतून आग चढली तर ती तिथे उपाशी मरावी, एवढाच त्याचा उपयोग. नकाशाप्रमाणे हा पट्टा डोंगराच्या कडेकडेने, आठ हात रुंद काढायचा होता. पाड्यातले पुरुष द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले. कामाला सतरा बायका, शिवाय हंगामी राखणदार म्हणून नेमलेला केरू. विळ्याने गवत कापायचं, खराट्याने पाचोळा लोटायचा, त्याचे ढीग वरच्या अंगाला सारायचे. दिवसाला शंभर पावलं झाली तरी पुष्कळ.

शनिवारी त्यांनी एका वाकड्या ऐनापाशी काम थांबवलं होतं. सोमवारी सकाळी येऊन पाहतात तर ऐनाच्या पुढे काम झालेलं.

उज्वलाने मोजून पाहिलं. चाळीस पावलं लांब आणि जेमतेम अडीच हात रुंद. पण काय स्वच्छ झाडलेलं होतं ते! गवताची मुळंसुद्धा नव्हती. सारवण्याआधीचं अंगण असावं तशी तांबडी माती. आधी तिला आनंदच झाला. केरूने रविवारची सुटी न घेता काम केलं असावं, असं तिला वाटलं. केरू म्हणाला, तो रविवारी बहिणीकडे वणीला होता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीच आलं नव्हतं.

मग उज्वलाच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक तर पट्टा नकाशाप्रमाणे कडेने गेलेलाच नव्हता. ऐनापासून तो खाली उतरत होता. आणि दुसरी गोष्ट तिला जास्त खटकली. चाळीस पावलांचा पाचोळा काढायचा म्हणजे बैलगाडीभर तरी निघतो. आजूबाजूला कुठेही ढीग नव्हता. झाडलेलं गेलं कुठे, ते कळायला मार्गच नव्हता.

२

मंगळवारी तो पट्टा आणखी चाळीस पावलं पुढे गेलेला होता. बुधवारी आणखी चाळीस.

उज्वला शिकलेली मुलगी होती. कुठल्याही गोष्टीला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट पाहिलेलं नसतं, असं तिचं मत होतं. तिने मातीवर पावलांच्या खुणा शोधल्या. खराट्याच्या काड्यांचे ओरखडे होते, एका शेजारी एक, सगळे एकाच दिशेचे. पाऊल एकही नव्हतं. तिने स्वतःची समजूत घातली की झाडणारा मागे मागे सरकत झाडतो, त्यामुळे त्याची पावलं त्याच्याच खराट्याखाली पुसली जातात. हे खरंही होतं. पण मग शेवटचं पाऊल तरी दिसायला हवं होतं.

तिने वनपाल गोरक्ष आहेर साहेबांना फोन केला. आहेर साहेब तिचे वरिष्ठ, निवृत्तीला आलेले, स्वभावाने मोकळे. ते हसले. फुकटात काम होतंय तर करू दे, फोटो काढून ठेव, म्हणाले. आणि असल्या चिंचोळ्या पट्टीने काही आग अडत नाही, तेव्हा वीस तारखेच्या आत नकाशावरची जाळरेषा पुरी झाली पाहिजे, हेही बजावलं.

गुरुवारी दुपारी बायका भाकरीला बसल्या, तेव्हा उज्वला एकटी त्या पट्ट्याच्या टोकाशी जाऊन बसली. टोकापाशी तिने चुन्याची रेघ ओढली आणि त्या रेघेवर नजर ठेवली. ऊन रणरणत होतं. पानगळ झालेल्या सागाखाली सावली म्हणून नव्हतीच. खालच्या उतारावर कंबरभर वाळलेलं गवत वाऱ्याने एका बाजूला कलायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

साडेबाराच्या सुमाराला तिच्या पाठीमागे आवाज आला.

खर्र. मग जरा थांबून, खर्र.

ओळखीचा आवाज. पहाटे घरोघरी अंगणात येतो तोच. तिला वाटलं, लंकाबाई उठून कामाला लागल्या. ती मागे वळली. मागे कोणी नव्हतं. आवाज थांबला. ती पुन्हा पुढे वळली, तर चुन्याची रेघ नाहीशी झाली होती आणि तिच्यापुढे चाळीस पावलं तांबडी माती होती.

ती किती वेळ मागे पाहत होती? एक श्वास, फार तर दोन. ती उठून बायकांपाशी गेली, डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात घालायला मात्र बराच वेळ लागला.

३

वनचौकी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिची खाट, टेबल आणि रजिस्टरं. मागच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि मोरी. वर पत्रा, खाली कोबा. जंगलातली तांबडी धूळ रोज आत यायची. सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत कोब्यावर पातळ थर बसायचा.

रविवारी दुपारी ती टेबलाशी बसून मोबाइलवरच्या नकाशात तो पट्टा उमटवत होती. आठवडाभर रोज तिने तो चालून पाहिला होता. बिंदू जोडले तशी रेघ तयार झाली. ऐनापासून खाली उतरून, नाला डावीकडे ठेवून ती सरळ एका चौकोनाकडे येत होती. चौकोन म्हणजे ती बसली होती ती चौकी.

तिने खिडकीतून पाहिलं. सकाळी पट्टा बाजूच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर होता. आता तो भिंतीला येऊन टेकला होता.

दाराला आतून कडी होती. ती पाहून तिला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं का वाटावं, याचा रागही आला. ती उठून ओट्यापाशी गेली. चहाचं आधण ठेवलं. पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि आवाज सुरू झाला.

खर्र.

तो भिंतीच्या बाहेर होता. मग तो भिंतीत होता. उज्वलाला पुढे ते कुणाला नीट सांगता आलं नाही. विटांच्या आतून काड्या घासत याव्यात तसा तो आवाज आला, आणि मग मोकळा झाला. मोकळा म्हणजे खोलीतला. तो पुढच्या खोलीत होता, दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीच्या अगदी लगत, दारापाशी. मध्ये फक्त एक पडदा होता. पडदा हलत नव्हता. उज्वलाने गॅस बंद केला, का ते तिलाही कळलं नाही. कदाचित नीट ऐकू यावं म्हणून. आवाज सावकाश सरकत गेला, खाटेच्या पायाशी जरा अडखळला आणि समोरच्या भिंतीत गेला. तिथून पलीकडे उतारावर, दूर दूर.

बऱ्याच वेळाने तिने पडदा बाजूला केला.

कोब्यावर सगळीकडे धूळ होती. फक्त मधल्या भिंतीच्या कडेने अडीच हातांचा पट्टा आरशासारखा स्वच्छ होता. मधल्या दाराशी तिने चपला काढलेल्या होत्या, जोडीने. आता एक चप्पल पट्ट्याच्या अलीकडे, ओट्याच्या बाजूला होती. दुसरी पलीकडे, खाटेच्या बाजूला. बाहेरच्या दाराची कडी होती तशीच लागलेली होती.

कारण असतं, असं ती मनाशी म्हणाली. पण या वेळी ते वाक्य पुरं व्हायच्या आतच तिचे हात कामाला लागले होते. रजिस्टरं, नकाशे, गणवेश, आईचा फोटो, सगळं तिने उचलून मागच्या खोलीत आणलं. खाट तेवढी एकटीला ओढवेना. पलीकडची चप्पल तिने काठीने अलीकडे ओढून घेतली.

४

बुधवारपर्यंत पट्टा पाड्यात पोचला. चौकीपासून पुढे त्याची चाल वाढली होती. उंबरमाळ म्हणजे पंचवीस घरं. वीस वरच्या अंगाला, जंगलाला चिकटून. पाच खाली, उताराच्या तोंडाशी. पट्टा बरोबर दोन्हींच्या मधून गेला आणि पलीकडे नाल्याच्या खडकांत संपला. त्यानंतर तो वाढला नाही. त्याला जायचं होतं तिथे तो पोचला होता.

उज्वलाने लंकाबाईंना बोलावून मोबाइलवर रेघ दाखवली. वर सगळं जंगल, एक झाडसुद्धा न सोडता. वीस घरं वर, चौकीची मागची खोली वर. खाली गवताचा उतार, चौकीची पुढची खोली आणि पाच घरं.

लंकाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग त्या उतारावरून खाली दरीकडे पाहत राहिल्या. वारा दरीतूनच येत होता.

"आग इथवर येणार," त्या म्हणाल्या. "ही रेघ तिच्यासाठीच हाय."

उज्वलाला नाही म्हणायचं होतं. नुसत्या झाडलेल्या मातीवरून आग येणार असं कोण म्हणेल? पण तिनेच आपली रजिस्टरं मागच्या खोलीत नेली होती.

"आणि ही पाच घरं?" तिने विचारलं.

"सोडली." लंकाबाईंनी मोबाइल परत दिला. "जंगल राखणारानं काढलीय ही रेघ. माणसं राखणारानं नाय."

त्या पाचांत सगळ्यात खालचं घर नवसाबाईंचं. नवसाबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, कमरेत वाकलेल्या. समिती झाली तेव्हा पहिलं झाड त्यांनी लावलं होतं, असं पाड्यात सांगत. लंकाबाई आणि उज्वला त्यांच्याकडे गेल्या आणि चार दिवस वर येऊन राहा म्हणाल्या. नवसाबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी वर न पाहताच सांगितलं की घर सोडून कुठे जायचं नाही, आणि कोणी उचलून नेलं तर त्या परत चालत येतील.

तेव्हा उज्वलाने ठरवलं. तिच्यापुढे दोन कामं होती आणि हात एकाच कामापुरते होते. नकाशावरची जाळरेषा पुरी करायची, की पाच घरांच्या खालून नवी काढायची? पहिला हुकूम होता. दुसऱ्याला काहीच आधार नव्हता. नकाशावरची सोडायची म्हणजे तीनशे चाळीस हेक्टर जंगल त्या अडीच हात पट्टीच्या भरवशावर सोडायचं. ज्याला पाऊल नाही आणि ज्याचा ढीग नाही, त्याच्या भरवशावर.

तिने दैनंदिनीत लिहिलं की जाळरेषेचं काम पाच घरांच्या खालच्या अंगाला वळवलं आहे, निर्णय माझा आहे. खाली सही केली. मग आहेर साहेबांना फोन करून तेच सांगितलं. ते म्हणाले, "तू तिथे आहेस, मी इथे आहे. कर."

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. घरांना वळसा घालून, दोन्ही टोकं वरच्या पट्टीला मिळतील अशी कमान काढायची होती. सतरा बायका, केरू, उज्वला, आणि कोणी सांगितलं नसताना नवसाबाई. गवत पडत होतं, पाचोळा सरकत होता. अकराच्या सुमाराला उज्वलाच्या लक्षात आलं की आवाज जरा जास्त आहे.

तिने सगळ्यांना हात करून थांबवलं. वीस खराटे एकदम थांबले.

वरच्या अंगाला, पट्टीच्या पलीकडून, एक खर्र उशिरा आला. मग तोही थांबला.

एका बाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. लंकाबाईंनी खराटा टेकवला आणि पुन्हा सुरुवात केली. बाकीच्यांनीही केली. दिवसभर तो आवाज त्यांच्या बरोबरीने चालला, त्यांच्याच तालात, एका झटक्याने मागे. उज्वलाला वाटत होतं की कोणीतरी आपलं काम पाहून शिकतंय. की तपासतंय?

५

शुक्रवारी बारा वाजता केरूने शिट्टी फुंकली.

दरीपलीकडे कोणीतरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पाला पेटवला होता. वारा फिरला आणि ठिणगी नाल्याच्या अलीकडे आली. धूर आधी पांढरा होता, मग पिवळा, आणि मग उताराच्या तळाशी एक तांबडी किनार दिसली. ती वर सरकत होती. वाळलेल्या गवतात आग चालत नाही, धावते. उज्वलाने घड्याळ पाहिलं. अर्धा तास, फार तर.

कमान जवळजवळ पुरी झाली होती. चौकीकडचं टोक वरच्या पट्टीला मिळालं होतं. नाल्याकडचं मिळायचं होतं. तिथे खडक, करवंदाची जाळी आणि मध्ये दाट गवत. पंधरा पावलं.

तिने वणीला फोन लावला. गाडी निघाली, पण तासाभराचा रस्ता. मग तिने बायकांची वाटणी केली. लंकाबाईंबरोबर दहाजणी कमानीवर, ओल्या डहाळ्या घेऊन, उडून येणारी ठिणगी झोडपायला. बाकीच्या पाच घरांच्या पेंढ्याच्या छपरांवर पाणी मारायला. आणि ती स्वतः केरूला घेऊन पंधरा पावलांकडे धावली.

सहा पावलं झाली. विळ्याने गवत कापायचं आणि दोन्ही हातांनी फेकायचं. डोळ्यांतून पाणी. सातव्या पावलाला केरूच्या पायात करवंदाचा काटा मोडला आणि तो खाली बसला. उज्वलाने त्याला ओढून कमानीच्या आत नेलं. परत वळली तेव्हा धूर आला होता. एकदम आला, भिंतीसारखा. पुढचं काही दिसेना. आगीचा आवाज मात्र ऐकू येत होता, ताडताड, हजार काटक्या मोडाव्यात तसा. आठ पावलं राहिली होती. गवत कापणं आता शक्य नव्हतं. आग त्या फटीतून आत शिरली की पाच घरं गेली, आणि नवसाबाई...

नवसाबाई कुठे आहेत?

"नवसाआजी," तिने हाक मारली.

धुरातून आवाज आला. खर्र.

ती त्या आवाजाकडे गेली. तोंडाला ओली ओढणी, अंगाला आगीची धग. चार पावलांवर धूर जरा फाटला आणि तिला नवसाबाई दिसल्या. कमरेत वाकलेल्या, आगीकडे तोंड करून, मागे मागे सरकत झाडणाऱ्या. आणि त्या एकट्या नव्हत्या.

त्यांच्या शेजारी कोणी वाकलेलं होतं. त्याच्या शेजारी आणखी कोणी. आणखी. खांद्याला खांदा लावून, मध्ये बोट शिरायला जागा नाही, धूर जिथवर फाटला होता तिथवर नुसत्या वाकलेल्या पाठी. पाड्यात एवढी माणसं नव्हती. आसपासच्या चार पाड्यांत नव्हती. सगळ्यांचे खराटे एकदम पडत होते आणि आवाज एकच येत होता. धूळ उडत नव्हती. त्या सगळ्या मागे मागे तिच्याकडे येत होत्या, आणि त्यांच्यापुढे तांबडी माती उघडी पडत होती.

उज्वलाने पुन्हा हाक मारली. मारायला नको होती, असं तिला मागाहून वाटत राहिलं.

"आजी."

नवसाबाईंनी मान वर करून मागे पाहिलं.

त्यांच्याबरोबर बाकीच्यांनीही मान वर केली.

उज्वलाने डोळे खाली घातले. आपण काय पाहिलं, हे तिला कधी सांगता आलं नाही, कारण तिने पाहिलं नाही. तिने फक्त स्वतःचे बूट पाहिले, आणि बुटांपुढे येऊन थांबलेली एक पाठ. धुरात, धगीत, त्या पाठीला ओल्या गवताचा वास येत होता. पाठ थांबून राहिली, जशी एखादी बाई झाडताना वाटेतल्या माणसासाठी थांबते. उज्वला एक पाऊल बाजूला सरली. खराटा तिच्या बुटांच्या जागेवरून फिरला.

मग धूर गेला. नवसाबाई एकट्याच उभ्या होत्या, खराट्यावर रेलून, खोकत. त्यांच्यापुढे अडीच हात रुंद पट्टा नाल्याच्या खडकाला जाऊन भिडला होता, आणि पट्ट्याच्या पलीकडे पुरुषभर उंच आग उभी होती. ती काठाशी वाकली. एकदा. दोनदा. आणि जागच्या जागी बसली.

कमानीवरून कोणीतरी ओरडलं, "थांबली." मग ते ओरडणं एकीकडून दुसरीकडे गेलं, छपरांवर गेलं, वरच्या वीस घरांतून परत आलं. लंकाबाई डहाळी खांद्यावर टाकून चालत आल्या. तोंड काळं, भुवया जळालेल्या. त्यांनी पाच घरं एकेक करून पाहिली, मग जंगलाकडे पाहिलं, आणि उज्वलाने दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं.

६

वणीची गाडी आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळी आहेर साहेब आले आणि उज्वलाबरोबर सगळी कड चालले. अकरा हेक्टर गवत गेलं होतं. जंगलातलं एक झाड होरपळलं नव्हतं. पाच घरांचा एक पेंढा जळला नव्हता. चौकीची पुढची खोली मात्र गेली. पत्रा वाकून खाली आला होता, खाटेचा लोखंडी सांगाडा तेवढा उरला होता. मधल्या भिंतीच्या पलीकडे, ओट्यावर सोडलेल्या कपबशीला काजळीसुद्धा लागली नव्हती.

नाल्यापाशी लंकाबाई आणि नवसाबाई अजून बसून होत्या, तिथे आहेर साहेब थांबले. टेप काढून त्यांनी पट्ट्याची रुंदी मोजली. मग दुसऱ्यांदा मोजली. एवढ्याशा पट्टीने पुरुषभर उंच आग अडत नाही, हे त्यांनी तिसेक वर्षांच्या नोकरीत पाहिलं होतं. त्यांनी विचारलं की हा तुकडा कोणी काढला.

उज्वलाने नवसाबाईंकडे पाहिलं. लंकाबाईंनीच उत्तर दिलं.

"आमच्याच माणसांनी."

आहेर साहेबांनी टेप गुंडाळली आणि तेच लिहून घेतलं.

उज्वलाने त्यानंतर एकदाच विषय काढला. मोह फुलला होता. जंगलात पहाटेपासून बायकांची वर्दळ होती, आणि झाडाखाली पाला न जाळता झाडून घ्यायचा हा समितीचा नियम सगळ्या पाळत होत्या. नवसाबाई एका मोहाखाली बसून टपोरी, ओलसर फुलं टोपलीत टाकत होत्या. त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण होतं ते पाहिलं का, असं उज्वलाने हळूच विचारलं.

"वाकल्यावर बाजूचं दिसतं व्हय, पोरी?" नवसाबाई म्हणाल्या, आणि तिच्याही ओंजळीत फुलं ठेवली.

त्याच दिवशी वेचणी आटोपल्यावर पाड्यात ग्रामसभा भरली. द्राक्षांवरून पुरुष परतले होते. पायाला फडकं बांधलेला केरू सगळ्यांच्या पुढे बसला होता. आहेर साहेबांनी नवा नकाशा आणला होता. उज्वलाने दैनंदिनीत लिहिलेलं पान वर नाशिकला गेलं होतं, आणि तिथून कारणे दाखवा नोटीस येईल म्हणून ती आठ दिवस धड जेवली नव्हती. नोटीस आली नाही. आली ती मंजुरी. उंबरमाळची जाळरेषा यापुढे समितीने सुचवल्याप्रमाणे राहील, आणि ती दर वर्षी समिती आणि वनखातं मिळून काढतील.

टाळ्या थांबेनात. लंकाबाईंनी सही केली, मग उज्वलाने. मग कागद हातोहात फिरत सगळ्यात मागे बसलेल्या नवसाबाईंपाशी पोचला. त्यांना वाचता येत नव्हतं. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी लाल रेघ पाहिली.

"माझं घर कुठं हाय यात?"

उज्वला उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. त्यांचं बोट धरून तिने रेघेवरून फिरवलं. चौकीला बाहेरून वळसा घालून, उतारावरून, पाच घरांच्या खालून, नाल्याच्या खडकापर्यंत. मग बोट उचलून एका ठिपक्यावर ठेवलं.

"रेघेच्या आत हाय?"

"आत आहे, आजी."

नवसाबाईंनी ते बोट त्या ठिपक्यावर बराच वेळ तसंच दाबून धरलं.